अक्काचा पेपर आणि नवीन व्हर्जन

सोलापूरचा उन्हाळा दाराशी आला की मला दोन गोष्टींवरून कळतं. एक म्हणजे दुपारी वसतिगृहाच्या नळाखाली हात धरला की पाणी चटका देतं. आणि दुसरं म्हणजे माझ्या फोनवर, लॅपटॉपवर एकामागून एक चौकटी उगवायला लागतात : नवीन व्हर्जन आलंय, आता टाकू की नंतर? आमच्या परीक्षेचं वेळापत्रक या लोकांना कोण पाठवतं कोण जाणे, पण वर्षभर गप्प बसलेली सॉफ्टवेअरं नेमकी मार्च-एप्रिलमध्ये जागी होतात. इकडे सबमिशन, तिकडे चाचणीचं बीटा व्हर्जन. इकडे तोंडी परीक्षा, तिकडे नवा कीबोर्ड, नवे रंग, नव्या खुणा. अभ्यास टाळायला बसलेल्या माणसाला याहून चांगलं निमित्त देव तरी कुठून आणून देणार.

आज सकाळी मी खिडकीवर ओली चादर टांगत होते. आमच्या शहराची चादर जाडजूड, पाणी धरून ठेवणारी. ती भिजवून खिडकीला लावली की झळ आत येईपर्यंत तिची वाऱ्याची झुळूक होते. टांगता टांगता फोन वाजला. बघते तर चौकट. ओल्या हाताने मी सवयीप्रमाणे 'आता' वर बोट नेलं आणि मधेच थांबले, कारण मला मल्लक्का आठवली. तिचा आणि माझा तो एक उन्हाळा आठवला, ज्यात एका नवीन व्हर्जनने माझी झोप उडवली होती. फोन तसाच पालथा ठेवला आणि चादरीच्या ओल्या वासात बराच वेळ बसून राहिले.

मी मूळची कुर्डुवाडीची. दादा, म्हणजे माझे वडील, तिथे रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये आहेत. घरात पहिला स्मार्टफोन आला तेव्हा त्याच्या सेटिंगमध्ये शिरून मी सगळा फोन तेलुगूत करून ठेवला होता. परत मराठीत कसा आणायचा हे कळेपर्यंत दोन दिवस दादा फोन आला की नुसता हिरवा रंग बघून उचलायचे. "चालतंय ते चालू दे की. कशाला बोटं घालतीस?" हा तेव्हापासून त्यांचा मला कायमचा प्रश्न. त्याचं धड उत्तर मला अजून देता आलेलं नाही. नवीन काही आलं की मला राहवतच नाही. लोक सकाळी राशिभविष्य वाचतात, मी व्हर्जनसोबत आलेली 'काय बदललं' ही टीप वाचते. त्यातलं खरं निघण्याची शक्यता तरी जरा जास्त असते.

सोलापूरला कॉलेजात आले आणि ही खोड सार्वजनिक झाली. आम्ही काही पोरापोरींनी फोनवर एक ग्रुप काढला, 'काय नवीन?' नावाचा. मी त्यात रोज काहीतरी ज्ञान वाटत असे. अपडेट टाकण्याआधी बॅकअप घ्या. बॅटरी अर्धी असताना अपडेटला हात लावू नका, आपल्याकडे वीज विचारून जात नाही. नवीन ॲप कॅमेरा मागतं, माइक मागतं, सगळ्यांचे नंबर मागतं. मागितलं म्हणून लगेच देऊ नका, पाहुणा आला म्हणून आपण त्याच्या हातात कपाटाची किल्ली देतो का? लोक अंगठ्याची खूण पाठवायचे आणि पुढच्या मिनिटाला सगळ्या परवानग्या देऊन मोकळे व्हायचे. तरी मला मजा यायची. नवीन गोष्ट पहिल्यांदा आपल्याला कळली आणि ती आपण दुसऱ्याला सांगितली, यात एक साधं सुख असतं, ते मला कधी लपवता आलं नाही.

मल्लक्का मला भेटली ती तिच्या आवाजाआधी तिच्या लॅपटॉपच्या आवाजातून. मी पहिल्या वर्षाला, पेटी आणि वळकटी घेऊन खोलीच्या दारात उभी, आणि आतून मिरच्या कांडायच्या डंकासारखा अखंड तडतडाट येतोय. पलंगावर एक मुलगी मांडीवर लॅपटॉप घेऊन बसलेली. स्क्रीन काळीठिक्कर आणि तिची बोटं भराभर चाललेली.

"मशीन बिघडलंय वाटतं," मी म्हणाले.

"मशीन बरोबर हाय," ती माझ्याकडे न वळता म्हणाली. "तुला कळंना म्हणून ते काय बोलणं न्हाय व्हय? ये आत. पेटी उजव्या बाजूला ठेव, डावीकडं ठेवलीस तर मी अडखळून पडंल."

तेव्हा माझ्या लक्षात आलं की तिला दिसत नाही. मल्लम्मा तिचं नाव, सगळं वसतिगृह मल्लक्का म्हणायचं, मी नुसतं अक्का. अक्कलकोटच्या पलीकडे, कर्नाटकाच्या हद्दीला टेकलेलं तिचं गाव. घरात कानडी, शाळेत मराठी. सातवीत असताना तिचं दिसणं पूर्ण गेलं. ती बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती, इतिहास विषय. वीज गेली की आम्ही सगळ्या जिन्यात चाचपडायचो आणि अक्का आरामात ताट धुऊन वर यायची. "तुमचं अवघड हाय बाई," असं वर आम्हालाच म्हणायची.

तिच्या लॅपटॉपवर स्क्रीन वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर होतं. जे टाइप होईल, जे उघडेल, ते सगळं ते बोलून दाखवतं. त्यातला आवाज बाईचा, म्हणून अक्का त्याला 'बाई' म्हणायची. "बाई आज घसरायलीय," "बाईला गप कर गं जरा." आपण डोळ्यांनी पान चाळतो तसं ती कानाने चाळायची, म्हणून तिने बाईचा वेग इतका वाढवला होता की शेजारी बसलेल्याला एक शब्द लागू नये. सुरुवातीला मला वाटायचं ही मला फसवतेय. एकदा मी वर्तमानपत्रातली एक बातमी तिच्या मशीनवर टाकली, बाईने ती एका दमात तडतडून टाकली आणि अक्काने मला तिच्यातल्या सगळ्या माणसांची नावं सांगितली. त्या दिवशी मी ग्रुपवर काहीच ज्ञान वाटलं नाही.

तिचं दुःख मला कळलं ते हुरड्याच्या दिवसांत. तिच्या भावाने गावाकडून हुरडा पाठवला होता, सोबत शेंगांची चटणी, आणि आम्ही दोघी गच्चीवर थंडीच्या उन्हात बसलो होतो. विषय परीक्षेचा निघाला. दहावी, बारावी आणि पुढचे सगळे पेपर तिने लेखनिक घेऊन दिले होते. लेखनिक म्हणजे अक्का सांगणार आणि खालच्या वर्गातली एखादी मुलगी तिच्या वतीने लिहिणार. नियमच तसा आहे.

"पोरी चांगल्या असतात गं," अक्का म्हणाली. "पण मी जरा थांबले की लगेच, 'पुढं?' मी अजून वाक्य जुळवायलेय, तर 'पुढं?' मग घाईनं कायतरी सांगून टाकायचं. आणि ती काय लिहिली, कसं लिहिली, मला कुटं दिसायलंय? मार्क पडले तर तिच्या अक्षराचे का माझे? कमी पडले तर कुणाला विचारायचं?" तिने हुरड्याचा एक बकाणा भरला. मग म्हणाली, "एक पेपर मला माझ्या हातानं लिहायचाय. एक तरी. मग डिग्री घेऊन घरी गेले तर बरं वाटंल."

मला त्या वेळी भरून आलं, हे सरळच सांगते. मी तोवर सॉफ्टवेअर म्हणजे गंमत समजत होते. नवीन रंग, नवीन खुणा, मित्रांपुढे शान. माझ्यासमोर बसलेल्या मुलीचा अख्खा हट्ट एका सॉफ्टवेअरवर उभा आहे, हे मला थंडीतल्या त्या गच्चीवर पहिल्यांदा समजलं.

अक्काने कॉलेजला रीतसर विनंती केली, आणि कॉलेजनेही लवकरच होकार दिला. अट एवढीच की इतिहासाचा पहिला पेपर करून बघायचा. कॉलेजचाच कॉम्प्युटर, इंटरनेट बंद. मशीनने मधेच दगा दिला तर तो पेपर लेखनिकाने पुरा करायचा आणि उरलेलेही लेखनिकानेच लिहायचे. म्हणजे संधी एकच होती. आणि अक्काची बाई नेमकी तिथेच कच्ची होती.

मराठीत मोठं उत्तर लिहायला लागलं की बाई मधेच मुकी व्हायची. मशीन चालू, बोटं चालू, आणि आवाज बंद. आपल्यासमोरची स्क्रीन अचानक काळी झाली तर आपलं जे होईल तेच अक्काचं व्हायचं. लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू केला की बाई ताळ्यावर, पण परीक्षेत हे कोण खपवून घेणार? अक्काने आठवडाभर तिच्या मागे लागून तिचं दुखणं शोधलं. परिच्छेद न तोडता लांबलचक लिहिलं की बाईचा गळा दाटतो. मधे मधे नवीन ओळ घेतली की ती टिकते. मी ते इंग्रजीत लिहून सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना पाठवलं. ही माणसं जगभर विखुरलेली, फावल्या वेळात हे काम करणारी, आणि सॉफ्टवेअर फुकट वाटणारी. मला वाटलं आपलं पत्र कुठल्या तरी ढिगात जाऊन पडणार. पण चौथ्या दिवशी कुणा अनोळखी माणसाचं उत्तर आलं : तुमचा मजकूर जशाचा तसा पाठवाल का? अक्काने सोलापूरच्या भुईकोट किल्ल्यावरचं तिचं टिपण पाठवून दिलं. त्या माणसाला मराठीचं एक अक्षर वाचता येत नव्हतं. तो कुठल्या देशात बसून आमच्या किल्ल्याच्या तटबंदीत बाईचा घसा शोधत होता देव जाणे. मला आजही त्या माणसाचा विचार आला की माणूसजातीबद्दल बरं वाटतं.

मग थंडी गेली. ज्वारीच्या काढणीला म्हणून वसतिगृहातल्या निम्म्या मुली चार दिवस गावी जाऊन आल्या, हातावर ओरखडे घेऊन. झाडांखाली पानं साचली, रसवंत्या लागल्या, दुपारी रस्ते ओस पडायला लागले. मागच्या गल्लीतल्या यंत्रमागांची खटखट तेवढी दुपारभर चालू असायची, त्या आवाजाच्या तालावर मला पुस्तक हातात घेऊन हमखास डुलकी यायची. अक्का मात्र खुर्चीवर ताठ बसून लिहीत असे.

आणि पेपर पंधरवड्यावर आला असताना बाईचं नवीन व्हर्जन आलं. मी 'काय बदललं' वाचायला घेतलं. खाली खाली जाता जाता एका ओळीवर थांबले. लांब देवनागरी मजकूर लिहिताना आवाज बंद पडण्याची अडचण दूर केली आहे, असं तिथे लिहिलं होतं. मी अक्काला मराठीत सांगितलं.

"परत वाच," अक्का म्हणाली.

मी परत वाचलं.

"म्हणजे आपलं?"

"आपलंच अक्का. दुसऱ्या कुणाचं असणार?"

तिने लगेच घरी फोन लावला आणि आईला, तिच्या अव्वाला, कानडीत धडाधड सगळं सांगितलं. व्हर्जन, देवनागरी, परदेशातला माणूस. पलीकडून अव्वाने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ऊट आयता?" जेवण झालं का, एवढंच. अक्का हसून हसून पलंगावर आडवी झाली. मी आयुष्यात शेकडो व्हर्जनं टाकली असतील, पण कुठलंही व्हर्जन आल्यावर माणूस इतका आनंदलेला मी बघितलेला नाही.

गंमत अशी, की त्यानंतर भीती वाटायला लागली ती मला. मी, जी पहिल्याच दिवशी 'आता' दाबणारी. पहिल्या दिवसांतली व्हर्जनं मला चांगली माहीत आहेत. एक खोड जाते आणि दोन नव्या येतात. स्वतःचा फोन अडकला तर मी चिडेन, दादा टोमणा मारतील, संपलं. इथे अडकला असता अक्काचा पेपर. मी तिला म्हणाले, "जुनंच ठेवू या. मधे मधे नवीन ओळ घेत जा, बाई टिकते ना."

"म्हणजे मी बाईच्या सोयीनं उत्तर लिहू?" अक्का म्हणाली. "मग लेखनिक काय वाईट होती? तू भ्यायलीस व्हय गं, अश्वे? एवढ्या जगाला टिपा देतीस."

शेवटी तिच्या लॅपटॉपवर नवीन व्हर्जन टाकलं आणि सराव सुरू केला. पहिले दोन दिवस झकास गेले. तिसऱ्या दिवशी दुपारी मी बाहेरून आले तर अक्का कीबोर्डवर हात ठेवून गप्प बसलेली.

"गेली," ती म्हणाली. "बाई गेली."

म्हणजे दुरुस्तीच खोटी? मी तिच्या हातांखालून लॅपटॉप ओढला, आणि हाताला असा चटका बसला की तो खाली टाकायचाच बाकी होता. खाली बघते तर टर्किश टॉवेल. छान, मऊ, दुहेरी घडी घातलेला सोलापुरी टॉवेल. आमच्या शहरात टॉवेलला तोटा नाही. कुठल्याही घरी जा, टीव्हीवर टॉवेल, मिक्सरवर टॉवेल, कुणी नवीन वस्तू आणली की तिच्या खालीवर टॉवेल. लॅपटॉपखाली तर हमखास, नाजूक वस्तू म्हणून. त्याची हवा जायची जाळी नेमकी खालच्या बाजूला असते, ती टॉवेलात बुडते, मशीन भट्टी होतं आणि अंग टाकतं. मग लोक म्हणतात, अपडेटने वाट लावली. बाहेर सगळ्या गावाला उन्हाळ्याचा त्रास, आणि आम्ही त्या बिचाऱ्या मशीनला दुहेरी घडी घालून दिलेली.

"हे कुणी घातलं?"

"मी की. टेबलावरनं घामानं निसटायलंय. मऊ असतंय, बाईला बरं," अक्का म्हणाली आणि मग दोघीही हसत सुटलो. स्टीलचं ताट पालथं घालून त्यावर लॅपटॉप ठेवला, गार होऊ दिला, आणि बाई सुखरूप परत आली. पुढे पेपरपर्यंत ती एकदाही मुकी झाली नाही. तरीपण माझ्या मनातली पाल चुकचुकत होतीच. ग्रुपवर मी टॉवेलबद्दल लिहिलं तेव्हा मात्र आजवरच्या कुठल्याही टिपेपेक्षा जास्त अंगठे आले, आणि तीन जणांनी कबूल केलं की ते वाचत असतानाही त्यांचा लॅपटॉप टॉवेलवरच होता.

पेपरच्या आदल्या दिवशी कॉलेजच्या कॉम्प्युटरवर सॉफ्टवेअर टाकायचं होतं, परीक्षा विभागाच्या बिराजदार सरांच्या देखत. सर उंच, कपाळावर विभूती, परीक्षेच्या बाबतीत सख्ख्या भावालाही ओळखणार नाहीत असे. "एकदा टाकलं की परत हात लावायचा न्हाय," त्यांनी मला बजावलं. "उद्या पेपर सुरू होईपर्यंत खोलीला कुलूप." माझ्या पेनड्राइव्हवर जुनं आणि नवीन, दोन्ही व्हर्जनं होती. मी माऊस धरून बसले, पण हात हलेना. मागे अक्का उभी होती. तिला माझं थांबणं ऐकू आलं असणार.

"नवीन टाक," ती म्हणाली.

"अक्का, विचार कर."

"केलाय. माझ्यासाठी कुणीतरी दुरुस्त करून पाठवलंय, आणि मीच वापरू नको?"

मी टाकलं.

दुसऱ्या दिवशी मला लॅबबाहेरच्या व्हरांड्यात बसायची परवानगी मिळाली. मशीन पूर्ण बंद पडलं तरच आत यायचं, तेही सरांनी बोलावल्यावर. खिडकीतून अक्काची पाठ आणि अर्धा गाल दिसत होता. सरांनी तिला प्रश्न वाचून दाखवले, तिने ते टाइप करून घेतले आणि लिहायला लागली. सर तिच्या मागे येरझाऱ्या घालत होते. थोड्या वेळाने त्यांना राहवलं नाही. त्यांनी अक्काची परवानगी घेऊन एक इयरफोन स्वतःच्या कानाला लावला, आणि त्यांचा चेहराच बदलला.

"ओ, हितं या!" त्यांनी मला खिडकीतून हाक मारली. "हे काय बोलायलंय? कोडवर्डमध्ये उत्तरं सांगायलंय का?"

मी आत धावले, पण माझ्याआधी अक्काच बोलली. "थांबा सर, मी बाईला हळू करते." तिने दोनचार कळा दाबल्या आणि इयरफोन काढून स्पीकर चालू केला. त्या बंद खोलीत बाई सावकाश, एकेक शब्द सुटा करत, अक्काने नुकतंच लिहिलेलं वाक्य वाचायला लागली. 'किल्ल्याच्या तटबंदीत जुन्या मंदिरांचे दगड वापरलेले दिसतात. ते कोणी व कधी बसवले याबद्दल...' आणि तिथे थांबली.

सर वाट बघत राहिले. "पुढं?" ते म्हणाले.

"पुढचं मी अजून लिहिलं न्हाय, सर," अक्का म्हणाली. "मी लिहिते तेवढंच ती बोलती."

सरांनी मान हलवली, मला बाहेर जायची खूण केली आणि स्वतःची खुर्ची दूर, दाराजवळ नेऊन बसले.

त्यानंतर तो प्रसंग आला ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले आहे. अक्काची बोटं थांबली. हात कीबोर्डवर, मान किंचित वर, आणि काहीच हालचाल नाही. मी म्हटलं, गेली. बाई गेली. टॉवेल नाही, जुनं व्हर्जन नाही, आता कशाला दोष द्यायचा? मी खिडकीला नाक लावलं. सरांकडे बघितलं तर तेही तिच्याकडेच बघत होते. हात वर करून हाक मारावी असं तिला का वाटत नाही? का ती घाबरून गोठली? व्हरांड्यातली फरशी चपलेतून पोळत होती. मला वाटलं, मी तिला समजावायला हवं होतं, जुनंच टाकायला हवं होतं. मी दाराकडे निघणार तेवढ्यात अक्काच्या गालावर खळी पडली, मान खाली आली आणि बोटं पुन्हा पळायला लागली. त्या पेपरमध्ये ती अशी अनेकदा थांबली. प्रत्येक वेळी मी अर्धी मेले.

बाहेर आल्यावर मी तिच्यावर ओरडलेच. "काय झालं होतं? बंद पडली होती ना?"

"न्हाय गं," ती म्हणाली. "विचार करायलते. परीक्षेत विचार करतात की." आणि मग हळूच, "कुणी 'पुढं?' म्हणलंच न्हाय बघ. किती वेळ गप बसले, कुणी म्हणलंच न्हाय."

मी आता शेवटच्या वर्षाला आहे. अक्का एम.ए. करतेय, मला आवाजी निरोप पाठवते आणि तेही बाईच्या वेगात बोलून, मी दोनदा ऐकावं म्हणून. त्या पेपरला तिला मार्क किती पडले म्हणाल तर लेखनिकाच्या पेपरांपेक्षा थोडे कमीच पडले. तिला त्याचं भारी कौतुक. "हे कमी पडलेले माझे हायत," असं ती अजून ऐकवते. आणि मी अजूनही व्हर्जनांच्या मागे धावते. फरक इतकाच झाला की आता 'काय बदललं' वाचताना प्रत्येक लहानशा ओळीमागे मला एक माणूस दिसायला लागलाय. कुठेतरी कुणाचं तरी अडलं होतं, त्याने ते नीट सांगितलं, दुसऱ्या कुणीतरी ते ऐकून घेतलं. आपल्याला ती एक नीरस ओळ वाटते आणि आपण 'पुढे' दाबतो. बातम्यांत रोज ऐकतो की ही यंत्रं माणसांचं काय काय हिरावून घेणार आहेत. घेतीलही, मी काही भविष्य सांगणारी नव्हे. पण मी एका मुलीला तिचं गप्प बसणं परत मिळताना बघितलंय, त्यामुळे मला आशा सोडता येत नाही.

त्या पेपरच्या दिवशी अक्का बाहेर आली खरी, पण लगेच सरांनी आम्हा दोघींना परत आत बोलावलं. प्रिंटरमधून तिच्या उत्तरांची पानं येत होती, एकेक, गरम. सरांनी ती जुळवली, वर छापील पहिलं पान लावलं, टाचणी मारली. "परवाचा पेपर पण हितंच," ते कागदावरून नजर न काढता म्हणाले. "बाईला सांगून ठेवा." अक्काने माझा हात इतका घट्ट दाबला की कळ आली. मग सर सवयीने पहिलं पान भरायला लागले. नाव, क्रमांक, विषय. आणि पेन थांबवून त्यांनी विचारलं, "लेखनिकाचं नाव?"

अक्काने माझा हात सोडला.

"तिथं रेघ मारा, सर," अक्का म्हणाली.

सरांनी मारली.

"मारली का?"

"मारली."

"कुटं?"

बिराजदार सरांनी तिचं बोट धरलं आणि त्या जागेवर नेऊन ठेवलं. बॉलपेनाची रेघ कागदात थोडी उमटली होती. अक्काने ती या टोकापासून त्या टोकापर्यंत बोटाने सावकाश चाचपली. परत एकदा चाचपली.

"अजून एकदा मारा की सर," ती म्हणाली. "जरा दाबून."